खान्देशातलं निसर्ग शिक्षण केंद्र: जागा, भिंती, पाणी आणि मुलांच्या हातातली मोजपट्टी

खान्देशात निसर्ग शिक्षण केंद्र उभारायचं असेल तर आराखडा मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ डोळ्यांसमोर ठेवून काढावा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो. पाऊस बहुतेक भागांत वर्षाला ६०० ते ७०० मिलिमीटर, नवापूरकडे बराच जास्त, शिंदखेडा-अमळनेरकडे कमी, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दुसरीकडच्या केंद्रांची छायाचित्रं पाहून हिरवळ, काचेचा दर्शनी भाग आणि सिमेंटचे वाघ-हरिण करायचा मोह होतो. हिरवळ पाणी खाते, काच खोली तापवते आणि सिमेंटच्या वाघाकडून कुणी काही शिकत नाही.

पुढची मापं एका वेळी ६० मुलं दिवसभर येतील अशा, दोन ते पाच एकरांच्या केंद्राला धरून दिली आहेत. केंद्र शाळेचं असो, आश्रमशाळेचं असो की ग्रामपंचायतीचं, काहीही बांधण्याआधी एकच विचारा: यात मुलांना काय मोजता येईल? भिंतीचं तापमान, टाकीतलं पाणी, जमिनीत मुरण्याचा वेग, सावलीची लांबी. ज्यात मोजण्यासारखं काही नाही, ती वस्तू नुसती शोभेची राहते.

आधी माती ओळखा

तापीकाठची काळी कसदार जमीन कापसाला उत्तम, बांधकामाला वैरी. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. इमारतीच्या कडेची माती दरवर्षी ओली-कोरडी होते, मधली तशीच राहते. त्यामुळे कोपरे वर-खाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. ही चीर प्लास्टरने बुजवून काही होत नाही, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते.

माती किती फुगते ते पाहायची सोपी चाचणी आहे. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. १०-१० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातल्या थराची उंची रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के वाढली ते काढा. ५० टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. १०० च्या पुढे गेली तर स्थापत्य अभियंत्याशिवाय पाया भरू नका. हीच चाचणी पुढे आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येते. दोन काचपात्रं शेजारी ठेवली की काळ्या मातीबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

शक्य असेल तर इमारत मुरमाड उंचवट्यावर घ्या आणि काळी जमीन लागवडीला सोडा. काळ्या मातीतच बांधायचं असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर चर रुंद खणून न फुगणारा मुरूम १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसत भरा. जोत्यावर सलग आरसीसी पट्टा हवाच. इमारतीभोवती सव्वा ते दीड मीटर रुंद, बाहेर उताराची फरसबंदी करा, म्हणजे भिंतीलगत पाणी साचणार नाही. भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे करू नका. रोज पाणी घातलं जाणारी नेमकी तीच जागा पाया हलवते. मोठं झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल, निदान तितकं इमारतीपासून दूर लावा.

भिंत, सावली, छप्पर

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. जळगावचा अक्षांश सुमारे २१ अंश. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचं छज्जं असेल तर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी मध्यान्हीला त्याची सावली दीड मीटरहून थोडी जास्त खाली येते, म्हणजे सव्वा मीटरची खिडकी पूर्ण झाकली जाते. २२ डिसेंबरला तीच सावली ६० सेंटिमीटरवर थांबते आणि हवंहवंसं ऊन आत येतं. दक्षिण बाजू म्हणून सोपी.

खरा त्रास पश्चिमेचा. मेअखेर दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवर असतो, पाचला जेमतेम २६ अंशांवर. छज्जं कितीही लांब केलं तरी हे तिरपं ऊन भिंतीवर येतंच. म्हणून पश्चिमेला मुलांची खोली ठेवूच नका. तिथे भांडार, संडास, जिना घ्या. शिवाय उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचा सूर्य थोडा उत्तरेकडून येतो, त्यामुळे उत्तरेची भिंतही उघडी टाकू नये. साधा ओटा आणि पडवी पुरते.

काळा दगड जवळच मिळतो, त्याची ४५ सेंटिमीटर जाड भिंत चांगली. दुपारची उष्णता तिच्या आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते. पण मग रात्री ती उष्णता बाहेर जायलाही वाट हवी. सूर्यास्तानंतर खिडक्या उघडायच्या आणि सकाळी नऊच्या आत बंद करायच्या, हा नियम. बहुतेक ठिकाणी उलटंच होतं: चोर, माकडं, डास यांच्या भीतीने राखणदार रात्री सगळं बंद करतो आणि सकाळी शाळा आली की खिडक्या उघडतो. जाड भिंतीची खोली मग रात्रभर तापलेलीच राहते, आणि दोष दगडाला दिला जातो. उपाय स्वस्त आहे: खिडक्यांना मजबूत गज आणि जाळी, आणि वरच्या बाजूला कायम उघडे झरोके.

मातीच्या दाबलेल्या विटा वापरायच्या असतील तर काळी माती नको. बारीक मुरूम किंवा रेतीमिश्रित पिवळी माती घ्या. सरळ कडांच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. रेती मिनिटभरात बसते, पोयटा तासा-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. चिकणमाती १० ते १५ टक्के आणि रेती निम्म्याहून जास्त असेल तर ती माती चालते. सिमेंट वजनाने ७ टक्क्यांच्या आसपास. ओलावा पाहण्यासाठी गोळा वळून छातीच्या उंचीवरून टणक जमिनीवर टाका: चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट मिसळलेली माती अर्ध्या-पाऊण तासात दाबून संपवा आणि विटा निदान २१ दिवस गोणपाटाखाली ओल्या ठेवा. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. एप्रिलमध्ये विटा वरून ओल्या दिसतात आणि आत पाणी न मिळाल्याने कच्च्या राहतात, वर गावात पाण्याची ओरड असते ती वेगळीच.

छपराचा धडा खान्देशाच्या जुन्या घरांतच आहे. धाब्याच्या घरात लाकडी कड्यांवर काटक्या-फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. या मातीत सोडियम जास्त असतं. पाऊस पडला की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली न जाता पन्हाळीतून बाहेर पडतं. दरवर्षी पावसाआधी नवा थर द्यावा लागतो, तो चुकला की धाबं गळतं. वजनही मोठं आहे: २५ सेंटिमीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो. म्हणून सगळं केंद्र धाब्याचं करू नका. एकच खोली धाब्याची करा, शेजारी तशीच एक पत्र्याची, आणि एक स्लॅबची. तिन्हींत जमिनीपासून एक मीटरवर थर्मामीटर टांगा. स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्या आणि एक कोपरा मुद्दाम बिनचुन्याचा सोडा. सकाळी ८, दुपारी १२ आणि ३ ला नोंद. धाबं थंड असतं हे आजीकडून ऐकलेलं असतंच, पण नक्की किती अंशांनी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे वहीत आलं की वाद घालायला मजा येते.

वाळ्याचे पडदे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान काम करतात. जुलैच्या दमट हवेत नाही, आणि का नाही, हाही एक तास आहे.

पाणी: छपरापासून केळीपर्यंत

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरचं छप्पर, ६५० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती येतं असं धरलं तर ५२,००० लिटर. टाकी मात्र तेवढी मोठी नको. ६० मुलांना पिण्यासाठी माणशी ३ लिटरप्रमाणे रोज १८० लिटर लागतात. ऑक्टोबर ते जूनच्या मध्यापर्यंत सहलीचे दिवस १३० धरा: २३,४०० लिटर. २५,००० लिटरची, झाकलेली, अंधारी टाकी पुरते. पाच हजारांची टाकी दिवाळीनंतर दोन महिनेही काढत नाही.

पहिल्या पावसात छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, सुकी पानं येतात. पहिले २ मिलिमीटर, म्हणजे १०० चौरस मीटरला २०० लिटर, बाजूला काढावेत. त्यासाठी २०० लिटरचा पिंप जोडा आणि तळाला बारीक गळती ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये तो आपोआप रिकामा होतो. ही गळती चोंदली की पिंप भरलेलाच राहतो आणि घाण थेट टाकीत जाते. दर आठवड्याला पाहावं. पिण्याआधी पाणी गाळून निर्जंतुक करणं वेगळं, ते यात येत नाही. टाकी भरून वाहणारं पाणी काळ्या मातीतल्या खड्ड्यात सोडून उपयोग नाही, तिथे ते डबकं होतं. मुरमाच्या पट्ट्याकडे न्या.

हात-ताटं धुण्याचे आणखी १८० लिटर. हे पाणी असं फिरवा:

१. जेवणाच्या जागेजवळ जाळीचा डबा, खरकटं अडवायला, आणि तेलासाठी छोटी टाकी.
२. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खड्डा. तळ आणि बाजूंना जाड ताडपत्री किंवा विटांचं पक्कं अस्तर.
३. पाणी शिरतं तिथे ४०-६० मिलिमीटरचे दगड, बाकी सगळीकडे १०-२० मिलिमीटरची धुतलेली खडी. खडीच्या फटींत ७२० लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणी चार दिवस आत राहतं.
४. कर्दळ आणि पाणकणीस ३० सेंटिमीटर अंतरावर लावा. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५-१० सेंटिमीटर ठेवा. वर पाणी दिसलं की डास झालेच.
५. बाहेर पडणारं पाणी केळीच्या आळ्यात. उन्हाळ्यात एका केळीला रोज १५-२० लिटर धरा, म्हणजे आठ-दहा केळींपेक्षा जास्त लावू नका.

खडी न धुता भरली तर सहा महिन्यांत खड्डा चोंदतो. या व्यवस्थेतली हीच नेहमीची चूक.

पाणीवाटपासाठी पांझरा नदीवरची फड पद्धत मुलांना करून दाखवा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, लाभक्षेत्राचे फड म्हणजे भाग, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाणी देण्याचं काम वैयक्तिक शेतकऱ्याकडे नसून गावाने नेमलेल्या पाटकऱ्यांकडे. केंद्रात ४ मीटर बाय ४ मीटरचे चार वाफे आणि एक मातीचा पाट पुरे. २०० लिटरचा पिंप उघडा आणि चार गटांना सांगा की प्रत्येक वाफ्याला सारखं पाणी पोहोचलं पाहिजे. पहिल्या वेळी वरचा वाफा तुंबतो आणि शेवटचा कोरडा राहतो. मग एक पाटकरी निवडू द्या. वाळूत पाट केला तर पाणी मध्येच मुरून खेळच संपतो, तेव्हा पाटाला काळ्या मातीचा लेप द्या; इथे ती कामाची.

लागवड

नर्सरीत सहज मिळतं म्हणून गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लावण्यात अर्थ नाही. धुळे-जळगावच्या सातपुडा पायथ्याचं झाड म्हणजे अंजन. त्याच्याबरोबर सालई, धावडा, खैर, पळस, मोह, टेंभुर्णी, हिवर, बेल, भोकर, बहावा. अंजनाचं रोप पहिली काही वर्षं वर फारसं वाढत नाही, कारण ते आधी सोटमूळ खोल नेतं. छोट्या पिशवीत हे मूळ तळाशी गुंडाळलं जातं आणि लावल्यावरही तसंच राहतं. म्हणून ताजं बी थेट खड्ड्यात पेरा किंवा लांब पिशवी वापरा, आणि शेळ्यांपासून कुंपण घाला. वर वाढ दिसत नाही म्हणून माळ्याने रोप उपटून टाकू नये, एवढं पाहावं.

पहिले ७५-१०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच लावा. मुरमात ६० सेंटिमीटरचा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या. पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी रोपापासून २०-३० सेंटिमीटरवर ५-७ लिटरचा साधा भाजलेल्या मातीचा मडका तोंडापर्यंत गाडा, पाण्याने भरा आणि झाकण ठेवा. रंगवलेला किंवा चकाकी दिलेला मडका पाझरत नाही. आच्छादनाला केळीची पानं-सोपटं भरपूर मिळतात. कापसाच्या पऱ्हाट्याही चालतात, पण त्यांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते, म्हणून हंगाम संपताच बारीक करून वापरा. ढीग पुढच्या जूनपर्यंत ठेवू नका, शेजारच्या शेतकऱ्यांचा रोष ओढवाल.

फुलपाखरांची बाग म्हणून फुलझाडांच्या कुंड्या मांडतात, पण अळीला खायला पान लागतं. रुई, बेल, कढीपत्ता, लिंबू, बहावा लावा आणि अळ्यांनी पानं कुरतडली तर फवारणी करू नका. वाळलेलं झाड धोक्याचं नसेल तर उभं राहू द्या. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना तेच लागतं. रानपिंगळा हे छोटं घुबड. तो १८८४ नंतर थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि तो दिवसा वावरतो. मुलांना हे सांगाच, पण सातपुड्यात नेल्यावर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याला सक्त मनाई हवी.

पायवाट आणि तीन धडे

६०० ते ८०० मीटरची वळसा घेणारी वाट, १.२ मीटर रुंद, आठ-दहा थांबे. चाकाच्या खुर्चीसाठी निदान पहिले चार थांबे १:१२ च्या उतारात असावेत. प्रत्येक मार्गदर्शकामागे १५ ते २० मुलं. फ्लेक्सचे फलक इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पांढरे पडतात आणि पत्र्याला हात लावता येत नाही. जुन्या कौलावर किंवा दगडावर नुसता आकडा कोरा, आणि त्या थांब्याचा प्रश्न मुलांच्या कागदावर द्या. झाडाचं नाव आधी लिहून ठेवलं की मुलं झाड पाहणं थांबवतात.

पाणी मुरण्याचा धडा: १५ सेंटिमीटर व्यासाचं, २० सेंटिमीटर उंच पाइपाचं कडं ५ सेंटिमीटर जमिनीत ठोका. आत ४४० मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर थर होतो. मुरायला किती वेळ लागतो ते मोजा, मग लगेच दुसऱ्यांदा ओतून मोजा. झाडाखाली, पायवाटेवर, मुरमात आणि काळ्या मातीत करा. मे महिन्यात काळी माती सगळ्यांत वेगाने पाणी गिळते आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात. ते पाणी भेगेत गेलेलं असतं. हा प्रयोग ऑगस्टमध्ये पुन्हा केलाच पाहिजे.

शंकूचा, म्हणजे सावली मोजायच्या उभ्या काठीचा, धडा तर इथलाच. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा, जमीन पाणसळीने सपाट करा. मार्चच्या विषुवदिनी मध्यान्हीची सर्वांत लहान सावली जळगावला ३८ सेंटिमीटर भरते. घड्याळात तेव्हा बारा नसून साधारण १२:३५ वाजलेले असतात, मुख्य कारण, जळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहे. म्हणून १२:१० पासून दर पाच मिनिटांनी खूण करा. सावली भागिले काठी हे गुणोत्तर कोष्टकात पाहिलं की अक्षांश मिळतो. एक सेंटिमीटर चुकलं तर अर्ध्या अंशाची चूक होते, जमिनीवर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. डिसेंबरच्या अयनदिनी तीच सावली ९८ सेंटिमीटर होते, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ती पायाशी नाहीशी होते. जुलैच्या मध्यातही होते, पण तेव्हा ढग असतात.

धुळे-नंदुरबारकडे केंद्र असेल तर आसपास भिंतीसारखा उभा डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याचा खडक, शोधा. दोन्ही बाजूंच्या विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजा. घट्ट डाइक पाणी अडवतो, भेगाळलेला वाट देतो. तुमचा कोणता ते वर्षभराच्या नोंदींतून कळतं.

वेळ, ऊन, साप, मोहोळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी पूर्ण दिवस. हिवाळ्यात हतनूर जलाशयावर स्थलांतरित पाणपक्षी येतात, ती सहल याच काळात. मार्चपासून सकाळी साडेसहा ते दहा, नंतर जाड भिंतीच्या खोलीतलं काम. दर २० मिनिटांनी पाणी प्यायला थांबायचं, तहान लागली का असं विचारत बसायचं नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे द्रावण तयार ठेवा. एखादं मूल बरळायला लागलं किंवा बेशुद्ध पडलं तर तोंडाने काही देऊ नका. सावलीत आणून अंग ओलं करा, वारा घाला आणि रुग्णालयात न्या.

नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. दगडाच्या ढिगाऱ्याखाली हात घालायचा नाही, पाऊल झाकणारे बूट हवेत, मुक्कामात जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. दंश झाला तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. अवयव हलू न देता थेट रुग्णालय. प्रतिविष कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे दर हंगामाआधी फोन करून विचारा आणि तो क्रमांक भिंतीवर लिहा. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर त्या वाटेवर अत्तर, धूर, दगडफेक आणि आरडाओरडा बंद. वनजमिनीतून किंवा अभयारण्यातून जायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

मेच्या शेवटच्या पंधरवड्यात पन्हाळी साफ करणं, पहिल्या पावसाच्या पिंपाची गळती तपासणं, धाब्यावर खारी माती, टाकी धुणं आणि कुंपणाची डागडुजी, ही पाच कामं एकाच माणसाच्या नावावर लिहून द्या. सगळ्यांची म्हणून ठेवलेली कामं जूनच्या पहिल्या सरीपर्यंत तशीच पडून राहतात.